स्कूबा सिलिंडरमधून पेंटबॉलच्या बाटल्या भरताना : मालवणजवळच्या एका मैदानाचे प्रकरण

डिसेंबरमधल्या एका रविवारी दुपारी, मालवणजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रात, पेंटबॉलच्या, म्हणजे हवेच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारण्याच्या खेळाच्या, मैदानाला लागून असलेल्या पडवीत हवेची एक लहान बाटली भरता भरता तिच्या रेग्युलेटरमधली सुरक्षा चकती, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की फुटून हवा बाहेर सोडणारी चकती, फुटली. आधी सुतळी बॉम्बसारखा एकच आवाज झाला आणि मग कानात घुसणारा फूत्कार सुरू झाला, जो बाटली रिकामी होण्याइतका वेळ उलटला तरी थांबेना, कारण तिला जोडलेल्या स्कूबा सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच होता आणि सिलिंडरमधली हवाही त्याच वाटेने बाहेर पडत होती. बाटली भरणारा मुलगा हात झटकून मागे सरला; दुसऱ्या मुलाने पुढे होऊन व्हॉल्व्ह बंद केला. कोणालाही इजा झाली नाही. पहिल्या मुलाच्या कानात मात्र संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत राहिली. दोघांपैकी एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि खेळाडूंना देण्याचे मास्क तर हाताच्या अंतरावर खुंटीला टांगलेले होते.

मी किनाऱ्यावरच्या डायव्हिंगच्या सिलिंडरांची देखभाल करतो, आणि त्या मैदानावर वापरली जाणारी तीन सिलिंडरे माझ्या ओळखीच्या बोटीवरून आलेली असल्यामुळे केंद्रचालकांनी तिसऱ्या दिवशी मला बोलावले. त्यांची अपेक्षा एवढीच होती की मी चकती बदलून द्यावी. चकती बदलणे पाच मिनिटांचे काम होते. परंतु ती का फुटली हे कळल्याशिवाय नवी बसवू नये, असा आग्रह मी धरला आणि त्यांनी तो मानला, याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, कारण नाताळच्या गर्दीच्या आठवड्यात त्यांनी मैदान चार दिवस बंद ठेवले.

साधने कोणती होती

पेंटबॉलच्या बंदुकीला मागे जोडतात त्या बाटलीला या लेखात ‘बाटली’ आणि पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीला ‘सिलिंडर’ म्हटले आहे. मैदानावर बारा बंदुका आणि चौदा बाटल्या होत्या. बाटल्या ॲल्युमिनियमच्या, ४८ घनइंची, म्हणजे सुमारे ०.७९ लिटर पाणी मावेल एवढ्या. भरण्याचा कमाल दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचावरचे पौंड), म्हणजे सुमारे २०७ बार; एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर रेग्युलेटर असतो, जो आतला मोठा दाब उतरवून बंदुकीला साधारण ८०० ते ८५० पीएसआय, म्हणजे ५५ ते ५९ बार दाबाने हवा देतो. रेग्युलेटरवर दाब दाखवणारा छोटा काटा, भरण्यासाठी निपल आणि दोन सुरक्षा चकत्या असतात. एक चकती बाटलीच्या बाजूची, जी ३००० पीएसआयच्या बाटलीवर साधारणतः ५००० पीएसआयची असते; दुसरी बंदुकीच्या बाजूची, साधारणतः १८०० पीएसआयची. रविवारी फुटली ती ही दुसरी.

सिलिंडरे ॲल्युमिनियमची, किनाऱ्यावर सगळीकडे दिसतात ती ‘एटी’ नावाने ओळखली जाणारी: पाण्याची क्षमता ११.१ लिटर, कामाचा दाब ३००० पीएसआय. सिलिंडर आणि बाटली यांना जोडणारे फिल स्टेशन अगदी साधे असते. सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर आवळायचा योक, एक गेज, अडकलेली हवा सोडण्याचा ब्लीड, हातभर होज म्हणजे नळी आणि तिच्या टोकाला निपलवर खटकन बसणारी कपलिंग, एवढेच त्याचे भाग.

या जोडीत एक मोठा गुण आहे, तो आधी सांगतो. सिलिंडर आणि बाटली या दोहोंचा कमाल दाब सारखाच असल्यामुळे, बाटलीवर खरोखरच ३००० असा शिक्का असेल तर, नीट भरलेल्या सिलिंडरमधून ती मर्यादेबाहेर भरली जाण्याची भीती जवळजवळ उरत नाही. दोघांचे दाब सारखे झाले की प्रवाह आपोआप थांबतो. पेंटबॉलसाठी स्वतंत्र कंप्रेसर घेण्यापेक्षा लहान मैदानांना ही पद्धत बरी वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण त्या वाक्यातल्या ‘खरोखरच’ या शब्दावर या प्रकरणाचा अर्धा भार आहे.

हवा म्हणजे हवाच, तिला काय घाबरायचे, असे मुलांना वाटत होते, म्हणून मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. ०.७९ लिटरच्या बाटलीत २०० बार दाबाची हवा असेल तर ती एकाएकी मोकळी झाल्यास सुमारे ३० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एक टन वजनाची वस्तू तीन मीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते. ज्या सिलिंडरला ते पाठ टेकून बसत होते, त्यात याच्या चौदापट साठा होता.

पाहणीत काय आढळले

बाटली पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, रेग्युलेटरच्या कामाची माहिती असलेल्या तंत्रज्ञाकडून ती उघडून घेतली. दाब असताना रेग्युलेटर फिरवून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये, हे इथेच नोंदवून ठेवतो. निपलमधल्या जाळीवर मऊ, तेलकट मळ होता. आतल्या पिस्टनच्या ज्या प्लास्टिकच्या बैठकीवर मोठा दाब अडवला जातो, ती एका कडेला काळवंडलेली आणि खोलगट झालेली होती. बैठक नीट बसत नसल्यामुळे मोठा दाब बंदुकीच्या बाजूला झिरपत गेला, तिकडचा दाब १८०० पीएसआयपर्यंत चढला आणि चकती फुटली. चकतीने आपले काम चोख केले. ती नसती तर तोच दाब पुढे बंदुकीत, खेळाडूच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर पोचला असता.

तेल कुठून आले, या प्रश्नाचे उत्तर लगेच मिळाले. निपल कडक झाले होते, कपलिंग बसायला त्रास देत होती, म्हणून शिलाई यंत्राचे तेल घातले होते. “काका, एकच थेंब टाकला होता,” असे तेल घालणारा मुलगा म्हणाला, आणि ते खरे असणार. सायकलच्या साखळीला, दाराच्या बिजागरीला तेल घालण्याची आपल्याला घरोघरी सवय असते. कुरकुरणाऱ्या लोखंडाला तेल हेच औषध, हे आपण लहानपणापासून पाहतो. परंतु २०० बार दाबाच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा ४२ बार असतो, म्हणजे उघड्यावरच्या हवेत असतो त्याच्या दोनशेपट. त्यात व्हॉल्व्ह एकदम उघडला, की निपलजवळच्या चिंचोळ्या जागेतली हवा क्षणात दाबली जाऊन कमालीची तापते. डिझेल इंजिनात ठिणगीविना इंधन पेटते ते याच तत्त्वाने. निपलमधल्या तेलाच्या थेंबाला तिथे दुसरी काडी लागत नाही. आमच्या बाटलीत तेलाचा भडका आतल्या आत, क्षणभर आणि बैठक जाळण्यापुरताच झाला असावा, असे काळवंडलेली कड पाहून माझे मत झाले. तेल अधिक असते तर गोष्ट तिथे थांबली नसती. पेंटबॉलच्या जगात बाटल्या फुटण्याच्या कारणांमध्ये निपलमध्ये घातलेल्या तेलाचे नाव नेहमी घेतले जाते, ते उगीच नव्हे.

कडक निपलचा खरा इलाज म्हणजे ते कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसणे, कपलिंगवरचे मीठ आणि वाळू काढणे, आणि तरीही जमेना तर निपल बदलणे. आमच्याकडे खारी हवा असल्यामुळे उघड्यावर टांगलेली कपलिंग पंधरा दिवसांत पांढरी पडते. ती झाकून ठेवायला रबराची टोपी पुरते.

दुसरे जे आढळले त्याने मी जास्त हादरलो. चौदाही बाटल्या मैदानावर आणल्यावर पिवळ्या ऑइलपेंटने रंगवल्या होत्या आणि त्यांवर मोठे क्रमांक घातले होते, म्हणजे बाटली हरवू नये. या रंगाखाली बाटल्यांच्या खांद्यावरचे शिक्के बुजून गेले होते. रंग हलक्या हाताने खरवडून एकेक शिक्का वाचला, तेव्हा तेरा बाटल्यांवर ‘३एएल ३०००’ असे निघाले आणि एकीवर ‘३एएल १८००’. ‘३एएल’ ही अमेरिकी नियमांतली ॲल्युमिनियमच्या बाटलीची जात, आणि पुढचा आकडा कामाचा दाब, पीएसआयमध्ये. ही बाटली हवेची नव्हती. ती कार्बन डायऑक्साइडची होती, जिच्यात वायू वजनाने भरतात आणि जिचा कामाचा दाब १८०० पीएसआय, म्हणजे १२४ बार असतो. दोन्ही प्रकारच्या ॲल्युमिनियम बाटल्यांच्या गळ्याचे आटे बहुधा सारखेच असतात, त्यामुळे पूर्वीच्या कोणा मालकाने जुना व्हॉल्व्ह काढून तिच्यावर हवेचा रेग्युलेटर चढवला होता. सगळा लॉट पुण्यातल्या बंद पडलेल्या एका मैदानाकडून जुन्यात घेतलेला होता. या जातीच्या बाटलीची जलदाब चाचणी कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश दाबाने करतात. १८०० च्या पाच तृतीयांश म्हणजे ३०००. याचा अर्थ, जो दाब तिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पाण्याने भरून, संरक्षक कवचाआड पाच वर्षांतून एकदा सोसायचा, जवळजवळ तोच दाब ती आमच्या पडवीत सुट्टीच्या दर दिवशी सोसत होती. आणि वर चढवलेल्या रेग्युलेटरवरची ५००० पीएसआयची चकती तिला कसलेच संरक्षण देत नव्हती.

उरलेल्या तेरा बाटल्यांपैकी पाचांच्या शेवटच्या चाचणीला पाच वर्षे उलटून गेली होती. त्या वेगळ्या काढल्या.

मूळ कारण हवेच्या हिशेबात

तेल घातले, व्हॉल्व्ह एकदम उघडला, शिक्के पाहिले नाहीत, अशा चुकांची यादी करून ‘पुन्हा असे करू नका’ म्हणणे सोपे होते. पण ही मुले निष्काळजी नव्हती. बंदुका ती चकचकीत ठेवत, पाहुण्यांनी खेळताना मास्क वर केला तर खेळ थांबवत. मग भरण्याच्या जागीच एवढी घाई का, हे मला समजून घ्यायचे होते, म्हणून एका दिवसाचा त्यांचा क्रम मी त्यांच्याकडून पुन्हा करवून घेतला.

क्रम असा होता. एक खेळ संपला की बाराही बाटल्या सुमारे ५० बारवर उतरलेल्या परत येत, आणि दहा मिनिटांत दुसरा खेळ सुरू करायचा असे. म्हणजे एका बाटलीला, जोडणे-काढणे धरून, ५० सेकंद. सगळ्या बाटल्या एकाच सिलिंडरमधून भरत. ते दुबळे झाले की दुसरे घेत. तिसरे शक्यतो राखून ठेवत. आता ११.१ लिटरच्या, २०० बार भरलेल्या सिलिंडरमधून ०.७९ लिटरची, ५० बार उरलेली बाटली भरली, तर दोघांचा दाब १९० बारवर स्थिरावतो. दुसरी बाटली १८१ वर थांबते, चौथी १६४ वर, आठवी १३७ वर आणि बारावी ११६ वर. बंदूक नीट चालण्यासाठी बाटलीत किमान ५५ ते ६० बार लागतात हे लक्षात घेतले, तर बाराव्या खेळाडूला पहिल्याच्या निम्म्याहून कमी हवा मिळत होती. त्याची बंदूक खेळ अर्ध्यावर असताना मरे, तो तक्रार करे, पैसे परत मागे.

शिवाय घाईने भरलेली बाटली तापते. ६० अंशांपर्यंत तापलेल्या बाटलीचा काटा २०० बार दाखवत असेल, तर ती ३० अंशांवर निवल्यावर तोच काटा १८२ वर येतो. मुलांना वाटे बाटली गळते. म्हणून ती पुन्हा जोडत, पुन्हा झटक्याने व्हॉल्व्ह उघडत, आणि कपलिंग नीट बसत नाही असा संशय आला की तेल घालत.

हवा कमी पडते या एकाच समजातून आणखी दोन बेत शिजत होते. ते वेळीच कळले, हे मी आमचे नशीब समजतो. पहिला बेत ३०० बारचे सिलिंडर आणण्याचा होता. त्या दाबाच्या सिलिंडरांना योक लागू नये अशीच त्यांच्या व्हॉल्व्हची घडण असते; योकची मर्यादा २३२ बारपर्यंतच आहे आणि ३०० बारच्या व्हॉल्व्हचे आटे मुद्दाम अधिक खोल ठेवलेले असतात, जेणेकरून कमी दाबाची जोडणी तिथे बसूच नये. बाजारात मिळणारा किंवा लेथवर करवून घेतलेला ॲडॅप्टर लावून ही अडचण दूर करणे म्हणजे दाराला मुद्दाम लावलेला अडसर काढून टाकणे होय; मग दोन दाब सारखे झाले की प्रवाह थांबतो हा जोडीचा गुण संपतो आणि २०७ बारच्या बाटलीचे रक्षण व्हॉल्व्हवरच्या हातावर येऊन ठेपते.

दुसरा बेत वेल्डिंगच्या दुकानातून औद्योगिक ऑक्सिजनचे मोठे सिलिंडर आणण्याचा होता, कारण ते स्वस्त आणि जवळ मिळते. तेलाचा अंश असलेल्या बाटल्यांत शुद्ध ऑक्सिजन भरला गेला असता, तर हा लेख वेगळ्या स्वरूपात, कदाचित पोलिसांच्या पंचनाम्याच्या रूपात, लिहिला गेला असता. पेंटबॉलच्या बाटलीत ऑक्सिजन कधीही, कोणत्याही प्रमाणात वाढवून भरू नये. पाणबुड्यांच्या नायट्रॉक्सलाही, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेलाही, हाच नियम लागू आहे, आणि म्हणून डायव्हिंग केंद्रातून आणलेल्या सिलिंडरवर नायट्रॉक्सची पट्टी आहे का, हे पाहिल्याशिवाय योक लावू नये. नायट्रोजन मात्र ज्वलनाला साथ देत नाही. जुने खेळाडू हवेच्या बाटलीला अजूनही ‘नायट्रो’ म्हणतात, कारण सुरुवातीच्या काळात त्यात खरोखरच नायट्रोजन भरत. पण जिथे श्वासाच्या हवेची सिलिंडरे ये-जा करतात, तिथे नायट्रोजनचे सिलिंडर ठेवणे मला मान्य नाही. चुकून ते बोटीवर गेले तर पाणबुड्याला पाण्याखाली काही कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपेल.

नंतर बसवलेली पद्धत

हवा आणखी आणायची गरजच नव्हती. तिन्ही सिलिंडरांमध्ये ती होती. तिचा क्रम चुकत होता. आम्ही सिलिंडरांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घातले. आधी बाराही बाटल्या पहिल्या सिलिंडरमधून, जेवढ्या भरतील तेवढ्या, भरायच्या, मग योक दुसऱ्यावर न्यायचा आणि त्याच क्रमाने बाराही बाटल्या वाढवून घ्यायच्या, शेवटी तिसऱ्यावर. योक दर फेरीला तीनच वेळा हलतो. या क्रमाने हिशेब केला तर बारावी बाटली ११६ ऐवजी १९१ बारवर थांबते, आणि त्याच तीन सिलिंडरांमधून दिवसाची दुसरी फेरी भरली तरी चोविसावी बाटली १६३ बारपर्यंत जाते. प्रत्यक्षात आकडे दोन-चार बारने खाली येतात, कारण होजमधली हवा दर वेळी ब्लीड करावी लागते. ज्या सिलिंडरचा दाब सर्वांत कमी तेच आधी वापरायचे, ही यातली गोम आहे. विहिरीचे पाणी खालच्या टाकीत जेवढे मावेल तेवढे आधी भरून उरलेल्यासाठीच पंप चालवावा, तसे हे आहे. बाटली तीन टप्प्यांत, मध्ये विश्रांती घेत भरल्यामुळे तिला निवायलाही वेळ मिळतो, हा या क्रमाचा दुसरा फायदा, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे.

घाई संपवायची तर वेळही हवा होता. म्हणून केंद्रचालकांनी चाचणीचा ताजा शिक्का असलेल्या बारा बाटल्यांचा आणखी एक संच घेतला. एक संच खेळात असताना दुसरा भरला जातो. व्हॉल्व्ह इतका हळू उघडायचा की गेजचा काटा चढताना डोळ्यांना सहज दिसावा, आणि बाटली हाताला कोमटपेक्षा अधिक गरम लागली तर थांबायचे. योक लावण्यापूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह क्षणभर, तोंड माणसांपासून दूर धरून, किंचित उघडायचा, म्हणजे त्याच्या तोंडातले खारे पाणी आणि वाळू उडून जाते. मग ओ-रिंग, म्हणजे जोडातून हवा गळू न देणारी रबराची कडी, तपासायची. भरून झाल्यावर आधी सिलिंडर बंद, मग ब्लीड उघडा, गेज शून्यावर आला की मगच कपलिंग काढा. दाब असताना कपलिंग ओढली तर होज चाबकासारखी फिरते. भरणाऱ्याने मास्क घातलेलाच असला पाहिजे, आणि सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेले असले पाहिजे.

निपलमध्ये एकमार्गी झडप असते, त्यामुळे भरलेली हवा त्या वाटेने परत काढता येत नाही, हेही मुलांना दाखवले. जास्त भरलेली बाटली बंदुकीला जोडून, सुरक्षित दिशेला, गोळी न घालता बंदूक झाडून उतरवावी लागते. सिलिंडरे ५० बारच्या खाली न्यायची नाहीत असे बोटवाल्यांनीही सांगितले, कारण पूर्ण रिकाम्या सिलिंडरमध्ये ओलावा शिरतो आणि त्याच सिलिंडरमधून पुढे कोणीतरी श्वास घेणार असतो.

कार्बन डायऑक्साइडकडे परत जावे का, असे केंद्रचालकांनी विचारले होते. तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि कोकणात मे महिन्यात उन्हात ठेवलेली बाटली त्याच्या कितीतरी पुढे जाते, तेव्हा तिच्यातला दाब भराभर वाढतो. हवेवरच राहा, असे मी सांगितले.

कायद्याची बाजू थोडक्यात. ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्रांना लागू होतात, आणि आमच्या बाटल्या ७८७ मिलिलिटरच्या आहेत. परदेशी शिक्क्याच्या बाटलीला आपल्या देशात मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते, आणि भरण्यासाठी परवान्याचा प्रश्न येतो. ही नियंत्रकांची संस्था, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय नागपुरात आहे आणि पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत. केंद्रचालकांनी सर्व बाटल्यांच्या शिक्क्यांची छायाचित्रे जोडून तिथे लेखी विचारणा केली आहे.

पाच जुन्या बाटल्या जलदाब चाचणीसाठी मुंबईला गेल्या. दोन नापास झाल्या, तीन परत आल्या. चकती फुटलेल्या बाटलीचा रेग्युलेटर बदलला. सगळ्या बाटल्यांवरचा रंग खांद्यापासून चार बोटे काढून टाकला आहे आणि चाचणीची तारीख आता वहीतही लिहिली जाते.

१८०० च्या शिक्क्याची बाटली कोणाच्याही हाती पुन्हा लागू नये म्हणून रिकामी करून, रेग्युलेटर काढून, ज्या मुलाने तेल घातले होते त्याच्याच हातून ड्रिलने तिला आरपार भोक पाडले. तिचा क्रमांक सात होता. गेल्या हंगामात शाळांच्या सहलींसाठी एक ते दहा क्रमांकाच्या बाटल्या काढत असत.